उतरवलेली माळ

तळासरीच्या आमच्या घरात बोलणं कमी आणि दुरुस्त्या जास्त. अण्णा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते आणि त्यांच्यातला कारकून चपलांबरोबर दाराबाहेर राहत नसे. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते तसं सरळ म्हणत नसत. ‘मिठाचा फेरविचार व्हावा’ म्हणत. आई ‘लेखी अर्ज करा’ म्हणून पुढची पोळी वाढे. ती वाईकडची. बदलीच्या गावाला तिने शेवटपर्यंत ‘तुमचं हे गाव’ म्हटलं, जणू ते अण्णांनीच हट्टाने मागून घेतलं होतं. क्वार्टरच्या मागून हायवे जायचा. चढावर ट्रक गिअर बदलत तेव्हा फडताळातल्या कपबश्या किणकिणत. त्या आवाजात मी अभ्यास केला, जेवले, झोपले. परवा मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सगळं सामसूम असताना मला झोप येईना, तेव्हा कळलं की कानाला अजून तो आवाज हवा असतो. या वयात माणूस कशाकशाची आठवण काढेल सांगता येत नाही.

लखमी माझ्या बाकावर आली ती भांडण करूनच. गुरुजींनी फळ्यावर घातलेल्या गणिताचं माझं उत्तर चूक आहे असं ती म्हणाली, मी नाही म्हटलं, आणि ते चूक निघालं. वर्गात माझी चूक काढणारं आजवर कुणी नव्हतं. मला राग यायला हवा होता; आला तो आनंद. ती वेवजीहून एसटीने यायची, एसटी चुकली तर दुधाच्या टेम्पोतून, आणि तसं झालं की पहिला तासभर तिच्या फ्रॉकला दुधाचा वास येई. घरी ती आईबरोबर वेगळीच बोली बोले, दुकानात गुजराती, शाळेत आमच्यासारखं मराठी, आणि रागावली की तिन्ही एकदम. मला एकच भाषा येत होती आणि तीही दुरुस्त्यांची, त्यामुळे मला तिचा हेवा वाटायचा. शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारच्या एसटीने मी तिच्याबरोबर वेवजीला जाऊ लागले आणि संध्याकाळच्या एसटीने परत. आईने पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, मग डब्यात दोन लाडू जास्त घालायला लागली.

तिथे जमनामावशी होती, लखमीची आई. उंच, सावळी, हसताना तोंडावर पदर घेणारी. तिच्या घरात शिरलं की पहिला कानावर पडायचा तो मणी सुपात ओतल्याचा आवाज. ती मण्यांच्या माळा करायची आणि तळासरीच्या आठवडे बाजारात कचेरीच्या समोर बसून विकायची. लग्नाच्या माळा मात्र कुणी आगाऊ सांगितल्या तरच करी. आम्ही पोचलो की मावशी ‘बेस ने पोरी’, म्हणजे बस ना पोरी, म्हणून माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुकटीची, सुक्या मासळीची चटणी ठेवायची. आमच्या घरी सुकटीचं नाव काढायची सोय नव्हती. मी ती खाऊन, पेरूची पानं चघळून घरी जात असे आणि आई मला जवळ घेऊन वास घेऊन काही न बोलता सोडून देई. मला वाटायचं, मी तिला फसवलं.

आता माळेची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. अवघड काही नाही. बांबूचा उभा चिरलेला तुकडा पन्हाळीसारखा पुढ्यात ठेवायचा आणि त्यात मणी एका ओळीत मांडायचे. रंग तीनच, लाल, पांढरा, काळा. सुरुवातीला थोडेच मणी. मग माळ चढवायची. पण सुपातला मनाला येईल तो मणी उचलून घालायचा नाही. मांडलेल्या ओळीतला कुठलाही सलग तुकडा बघायचा, एका मण्याचा, दोघांचा, पाहिजे तर सगळी ओळच, आणि हुबेहूब तसाच तुकडा त्याच्या लगेच शेजारी घालायचा. नवीन काही आणायचं नाही, जे आहे त्यातलंच पुन्हा. असं करत करत तीन-चार मण्यांची ओळ शंभराच्या वर जाते, आणि लांबून बघणाऱ्याला ती नुसती रंगीबेरंगी दिसते. शेवटी मेण लावलेल्या दोऱ्यात ओवायची.

आणि उतरवायची ती याच्या उलट. जिथे एकसारखे दोन तुकडे शेजारी दिसतील तिथे त्यातला एक काढायचा. मग पुन्हा बघायचं, पुन्हा काढायचा. काढण्यासारखी जोडी उरली नाही की हातात राहतं ते माळेचं बी. बी आईकडून लेकीकडे जाई. म्हातारी गेली की तिची माळ लेक उतरवे, बीपर्यंत आणे, आणि त्याच बीपासून आपल्या लेकीच्या लग्नाची माळ चढवे. मावशीकडे आलेलं बी सात मण्यांचं होतं, लाल, पांढरा, काळा, पांढरा, लाल, पांढरा, काळा. लखमी ते गाण्यासारखं म्हणायची. ही रीत त्यांच्या नात्यातल्या चार-दोन घरांपुरतीच असावी. पुढे मी पुष्कळांना विचारलं, कुणी ऐकलेली नव्हती. कुणा एका हुशार बाईच्या डोक्यातून ती निघाली असेल आणि लेकीबाळींनी चालवली असेल.

मला उतरवण्याचा नाद लागला. मावशी बाजारातून जुनी तुटकी माळ आणायची, पन्हाळीत मांडायची आणि म्हणायची, आण खाली. माझी नजर जोड्यांवर बसली होती. लखमीला दोन-दोन मण्यांच्या जोड्या आधी दिसत, मला मोठ्या, म्हणून मी नेहमी पुढे जायचे. दोघी दोन टोकांना उकिडव्या बसायचो, डोकी जवळजवळ आपटायची. एकदा मी पावणेदोनशे मण्यांची माळ मावशी पाणी भरून येईपर्यंत उतरवली तेव्हा ती आपल्या भावाला, धर्मामामाला, हाक मारून म्हणाली होती, बघ, कारकुनाची पोर आपल्यात जन्मायची ती चुकून तिकडे जन्मली. आयुष्यात पुढे मला दोन-तीन मानपत्रं मिळाली. ती कुठे आहेत हेही मला ठाऊक नाही. हे वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

लखमीची आजी, म्हणजे मावशीची आई, धर्मामामाकडे राहायची. ती गेली, आणि तिच्या पेटीत एकच माळ निघाली. मावशी म्हणाली ही माझ्या आईची, रीतीप्रमाणे माझ्याकडे यायची, पुढे लखमीला. मामी, म्हणजे धर्मामामाची बायको, म्हणाली की ही माझ्या आईची, मी लग्नात आणली. सासूबाईंची माळ कधीच हरवली, पेटी घरात एकच म्हणून मी माझी त्यांच्या पेटीत ठेवली होती. मणी सगळ्यांचे त्याच गुजराती दुकानातले, दोरा तोच. शेजारच्या बायका कुणी इकडून बोलल्या, कुणी तिकडून. मामीचं बी तीन मण्यांचं, सरळ लाल, पांढरा, काळा. तेव्हा माळ उतरवायची असं ठरलं. सात उरले तर मावशीची, तीन उरले तर मामीची. पण उतरवणार कोण? मावशीने उतरवली तर मामीला पटणार नव्हतं आणि मामीने उतरवली तर मावशीला. धर्मामामानेच माझं नाव काढलं. ना या घरची ना त्या, आणि हात पक्का. लखमी शाळेत उड्या मारत सांगत आली. तिच्या मनात शंकाच नव्हती. सात उरणार हे ठरलेलंच, फक्त मोजून घ्यायचे होते.

माळ उतरवताना सरकारी माणूस असावा असं मामाला वाटलं म्हणून रविवारी अण्णाही आले, इस्त्रीचा सदरा घालून. पावसाळा नुकताच लागला होता, अंगण ओलं, म्हणून मावशीच्या ओसरीवर पन्हाळी मांडली. अण्णांना बाज दिली. मी बसले, माझ्या डाव्या हाताला लखमी, समोर मामी, आणि मावशी खांबाला टेकून उभी. माझे कान तापले होते. तेरा वर्षांच्या मुलीला पंचवीस माणसं मान देऊन बघत होती आणि त्यांत तिचा बापही होता. मी उतरवत गेले. साठावर आले, तिसावर आले. काढलेले मणी मी सुपात टाकत होते आणि त्या आवाजाशिवाय ओसरीवर काही ऐकू येत नव्हतं. मग नऊ उरले.

ते नऊ मला आजही पाठ आहेत. लाल, पांढरा, काळा, पांढरा, पुन्हा लाल, पांढरा, काळा, पांढरा, आणि शेवटी एक काळा. पहिल्या आठांत चार-चारांची जोडी अगदी समोर होती. लखमीचं बोट शेवटच्या टोकाकडे गेलं आणि ती हळूच म्हणाली, “सुले, शेवटचे दोन काढ.” मामी लगेच म्हणाली की पोरीला सांगायचं नाही. लखमीने बोट मागे घेतलं. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता ती सांगते तसं केलं तर लोक म्हणतील मैत्रिणीचं ऐकलं. मी नेहमीसारखी मोठी जोडी धरली, चार मणी काढले, पाच उरले. त्यांत शेवटी पांढरा-काळा, पांढरा-काळा असे दोनदा होते. त्यातले दोन काढले. तीन उरले.

मामीने पदर डोक्यावर सारखा केला. मावशी खांब सोडून पुढे आली, वाकून पन्हाळीत बघितलं आणि अण्णांना म्हणाली, “भाऊसाहेब, ही माझ्या आईची आहे. तिच्या गळ्यात मी बघितलीय.” अण्णा समजुतीने म्हणाले की बाई, पोरीने तुमच्याच रीतीने केलं आहे. आणि मग मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “माळ खोटं बोलत नाही, मावशी.”

मावशीने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, एखादी ओळ मनात वाचत असल्यासारखं. मग ती आत गेली. आम्हाला जेवायला बोलावलेलं होतं, त्याप्रमाणे जेवायला घातलं. शेवळाची, पहिल्या पावसात उगवणाऱ्या रानकोंबांची भाजी होती, काकडं ही आंबट रानफळं घालून केलेली. ती नीट जमली नाही तर घशाला खाज सुटते; मावशीची मऊ, आंबूस झाली होती. अण्णांनी दोनदा मागून घेतली आणि मनापासून तारीफ केली. मामीने तीन मणी आणि सुपातले बाकीचे पदरात बांधून नेले. परतीच्या एसटीत अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते फारसं कधी करत नसत. म्हणाले, निकाल देणाऱ्याने आपलं-परकं बघायचं नसतं. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं हे खरं आहे.

सोमवारी लखमी दुसऱ्या बाकावर बसली. मधल्या सुट्टीत मी गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली की माझी आई खोटं बोलते असं तू सगळ्यांसमोर बोललीस. मी म्हटलं, मी असं बोलले नाही. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर मी खरंच तसं बोलले नव्हते. असल्या खरेपणाची मला पुढे किळस आली. तेव्हा मी त्याच्यावर ताठ उभी राहिले. दोन-तीन आठवड्यांनी ती शाळेत यायची बंद झाली. कुणी म्हणालं, चिकूच्या वाडीत कामाला लागली. कुणी म्हणालं, संजाणकडे नातेवाइकांकडे ठेवली. मावशीकडे लग्नाच्या माळा सांगायला येणाऱ्या बाया कमी झाल्या हेही कानावर आलं. जिने आईच्या माळेवर खोटा हक्क सांगितला तिच्या हातची माळ नव्या नवरीला कोण घालणार?

दिवाळीनंतर अण्णांची डहाणूला बदली झाली. आईला समुद्र आवडला, ‘तुमचं हे गाव’ची धार जरा बोथट झाली. क्वार्टरच्या मागे चिकूची वाडी होती. उतरवलेल्या चिकूंच्या पाट्या सावलीला लागलेल्या असत आणि घरभर गोड, मातकट वास भरून राही. किनाऱ्यावरच्या आगरकडून वारा आला की त्यात वाळत्या बोंबलांचा वास मिसळे. शाळा मोठी, मैत्रिणी पुष्कळ. त्यांच्यातल्या एकीनेही माझ्या गणितातली चूक कधी काढली नाही. मी वहीच्या मागच्या पानावर तीन रंगांचे ठिपके काढत बसायचे, चढवायचे, उतरवायचे. समोर दुसरं डोकं नसलं की त्यात काही मजा नसते. शनिवारची दुपार झाली की पाय स्टँडकडे वळायचे. तळासरीची गाडी स्टँडवर उभी असायची, कंडक्टर ओरडत असायचा, आणि मी स्टँडसमोरून लायब्ररीत जायचे. बसले नाही. माझं बरोबर होतं ना. मग मी का जायचं?

पुढे गणितच शिकले आणि तेच शिकवलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या कॉलेजात एक तरुण प्राध्यापक व्याख्यानाला आला होता. त्याचा विषय भाषांचा होता, पण या मंडळींच्या लेखी भाषा म्हणजे शब्दांचा नुसता ढीग. अर्थ, माणसं, भांडणं काही नाही, फक्त कुठला शब्द ढिगात बसतो आणि कुठला नाही याचे नियम. त्याने फळ्यावर क, ख, ग अशी तीन अक्षरं लिहिली. म्हणाला, यातला कुठलाही तुकडा घ्या आणि त्याच्या शेजारी तोच पुन्हा लिहा, असं करत जितके शब्द मिळतील त्या सगळ्यांची मिळून एक भाषा होते. मी खुर्चीत सावरून बसले. मग तो म्हणाला की उलट येताना मात्र सांभाळावं लागतं. तुकडे लहान असतील, तीन अक्षरांपर्यंत, तर कुठूनही उतरलात तरी एकाच मुळाशी पोचता. चार अक्षरांचे तुकडे चालवले की तशी हमी राहत नाही. एकाच शब्दाला दोन मुळं निघू शकतात. आणि त्याने उदाहरण म्हणून नऊ अक्षरांचा एक शब्द लिहिला. मी पहिली चार अक्षरं वाचली आणि पुढची वाचायची गरज राहिली नाही.

शेवटची दोन काढली तर सात उरतात. पुढे काही काढता येत नाही, तेच बी. चारांची जोडी आधी मोडली तर पाच, आणि मग तीन. दोन्ही बरोबर. म्हणजे माळ कुणाची हे त्या माळेला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते जमनामावशीला, जिने ती आपल्या आईच्या गळ्यात पाहिली होती, आणि तिला मी गप्प केलं होतं. मी हॉलमधून उठून बाहेर आले. शिपायाने पाणी आणून दिलं. बरं वाटत नाही का, विचारलं. मी हो म्हटलं.

एवढं कळल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी वेवजी गाठील. मला काही वर्षं लागली. भित्रेपणाला कारणं पुष्कळ मिळतात. गेल्या थंडीत डहाणूला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात सगळे वाढवणच्या बंदराचं बोलत होते, कुणाचं घर जाणार, कुणाची होडी. मी बाजारातून तीन रंगांचे मणी घेतले आणि रिक्षा करून वेवजीला गेले. जमनामावशीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. लखमी भेटली. केस पांढरे, एक डोळा अधू, मुलगा हद्दीपलीकडे, गुजरातमधल्या कारखान्यात. दारात उभं राहून तिने मला खालून वरपर्यंत बघितलं आणि आईसारखंच म्हणाली, बेस ने. चहा आला. मी काही इकडचं तिकडचं बोलू शकले नाही. स्टीलच्या ताटलीत नऊ मणी मांडले, एकदा तिच्या वाटेने उतरवले, पुन्हा मांडले, एकदा माझ्या वाटेने. म्हटलं, “लखमी, तू सांगत होतीस तेही बरोबर होतं. मावशी खरं बोलत होती.”

ती मण्यांशी खेळत राहिली. मग म्हणाली, “ठाऊक आहे मला. तुम्ही एसटीला गेलात, आणि उष्टी काढायच्या आधी आईने मला करून दाखवलं. दोन्हीकडून.”

मी विचारलं, मग मामाला सांगितलं नाही? सांगितलं ने, ती म्हणाली. मामी बोलली, हरल्यावर सगळ्यांना सुचतं.

“आणि मला का नाही सांगितलं?”

लखमीने ताटलीतले मणी पुन्हा ओळीत लावले. “तुला तर दाखवायचं होतं तिला. बाजाराच्या दिवशी कचेरीसमोरची जागा सोडून तुझ्या शाळेच्या रस्त्याला बसायला लागली, पिंपळाखाली. धंदा नव्हता तिथे काही. पन्हाळीत नऊ मणी मांडून बसायची. म्हणायची, मामीला नाही कळायचं, त्या पोरीला एका नजरेत कळेल. एकदा बघू दे फक्त. दिवाळीपर्यंत बसली. बोलायची, आज पण दुसऱ्या रस्त्याने गेली वाटतं.”

मी तिला पाहिलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि वर लिहितानाही गाळलं होतं. पहिल्याच बाजाराला शाळेच्या फाटकातून मला पिंपळाखाली तिचं लुगडं दिसलं. भांडायला आली असणार असं वाटून मी मागे वळले, आणि त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी तळ्याच्या बाजूने, चिखलातून, घरी जात राहिले.